गेनभाऊंचा उकिरडा

आमच्या दुकानातल्या कंप्युटरवर कचऱ्याचा डबा नव्हता, उकिरडा होता. पडद्याच्या डाव्या बाजूला, अगदी खाली, कोपऱ्यात. नखाएवढा. तपकिरी ढीग, त्यातून वर आलेल्या दोन काड्या, आणि निरखून पाहिलं तर ढिगाच्या कडेला एक कोंबडी. कोंबडी म्हणजे काय, तर थोडे पांढरे ठिपके आणि एक तांबडा. पण ती कोंबडी आहे हे कुणाला सांगावं लागलं नाही. घोडेगावात कचेरीच्या कामाला आलेली माणसं अर्ज टाइप करायला, फोटो काढायला, फ्लेक्स सांगायला आमच्याकडे यायची, बाकावर बसून पडद्याकडे बघत राहायची आणि मध्येच म्हणायची, "आरं, ह्यो तर उकिरडा हाय."

तो गेनभाऊंनी काढला होता. गेनभाऊ आता नाहीत. त्यांच्याबद्दल मी कधी कुठे बोललो नाही. दहाव्याला लोक बोलत होते तेव्हाही मी मागे चपलांजवळ उभा होतो. आता लिहितो आहे. तेव्हा जे झालं तेवढं सांगतो.

गेनभाऊ पिंपरी पेंढारचे. नाव ज्ञानदेव, पण त्या नावानं त्यांना हाक मारली असती तर त्यांनी मागे वळून पाहिलं नसतं. धंद्यानं पेंटर. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत एक काळ असा होता की दूध डेअरीचा बोर्ड, शाळेच्या भिंतीवरची बाराखडी, ट्रॉलीच्या मागच्या फळीवरचा नंदी, वेशीच्या कमानीवरचं स्वागत, औषधाच्या दुकानाच्या शटरवरचं टोमॅटोनं लगडलेलं झाड, हे बहुतेक एकाच हातचं असायचं. खाली सही नसायची. विचारलं तर म्हणायचे, "भितीवर सही मालकाची. आपली अक्षरं." त्यांची अक्षरं जाड असून हलकी वाटायची. पोटात भरलेली, पायाशी निमुळती. मी लहानपणी त्यांच्याच बाराखडीवर बोट फिरवून शिकलो असणार, कारण आमच्या शाळेची भिंतही त्यांचीच होती.

मग मी फ्लेक्सचं मशीन आणलं. घोडेगावातलं पहिलं. ज्या कामाला गेनभाऊंना शिडी लावून दोन-तीन दिवस लागायचे, ते माझ्याकडे गिऱ्हाइकाचा चहा संपेपर्यंत व्हायला लागलं. मी त्यांचा धंदा बुडवला असं मी म्हणत नाही. मी आणलं नसतं तर दुसऱ्यानं आणलं असतं. हे वाक्य मी तेव्हापासून म्हणत आलो आहे, त्यामुळे आता त्यात काही उरलेलं नाही.

एके दिवशी ते दुकानात आले. पायरीवर चपला काढल्या, खरं तर आमच्या दुकानात कुणी काढत नसे. मशीनसमोर उभे राहिले आणि एक अख्खा फ्लेक्स पहिल्या पट्टीपासून शेवटच्या पट्टीपर्यंत निघताना पाहिला. हात मागे बांधलेले. मी तोंड चुकवायला उगाच बिलबुक चाळत होतो. फ्लेक्स पूर्ण झाल्यावर त्यांनी विचारलं, "शेठ, उन्हात किती दिस टिकतं हे?"

मी म्हणालो, वर्षभर. फार तर.

"मंग चांगलं हाय. लोकान्ला परत परत लागंल." आणि तेवढ्याच आवाजात पुढे, "मला ठेवता का कामाला?"

मी ठेवलं. माझ्यापेक्षा बारा-चौदा वर्षांनी मोठा माणूस मला शेठ म्हणायचा आणि मी त्यांना गेनभाऊ. दुकानामागच्या आळीत त्यांनी खोली घेतली. शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं गावी जायचे, सोमवारी सकाळी परत.

कंप्युटर ते लवकर शिकले असं नाही. शिकले. माउस हातात घेण्याआधी शर्टाला पुसायचे, जसा ब्रश पुसतात. उजवं मनगट डाव्या मुठीवर टेकवायचे. पेंटरची ती सवयच असते, हात हलू नये म्हणून. भिंतीवर ठीक आहे, पण टेबलावर माउस धरताना डावी मूठ खाली घेऊन बसलेला माणूस फार विचित्र दिसतो. मी एकदा सांगितलं, त्याची गरज नाही. ते म्हणाले, "मला हाय."

त्यांना पहिल्या दिवसापासून खटकत होते ते पिवळे फोल्डर. त्यावर ते मधूनमधून बोलायचे. ह्यात कागद, ह्यात फोटो, ह्यात गाणी, अन् सगळे एकाच रंगाचे एकाच अंगाचे. "एका आईची असली तरी लेकरं येगळी दिसत्यात, शेठ. ही कुठल्या आईची म्हणायची?" मी एकदा कामाच्या गडबडीत सांगून टाकलं की चित्र बदलता येतं. फोल्डरवर उजवं बटण दाबायचं, प्रॉपर्टीजमध्ये जायचं, तिथं आयकॉन बदला असं येतं. सिस्टिमचे जे मुख्य असतात, कंप्युटर, कचऱ्याचा डबा वगैरे, त्यांचीसुद्धा बदलतात, त्याची जागा वेगळी.

ते हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघत राहिले.

"सिस्टिमचीबी?"

"हो."

"कुणाला इचारावं लागत न्हाई?"

"कुणाला विचारणार? मशीन आपलंच आहे."

त्यांना वाटत होतं सिस्टिम म्हणजे कचेरीसारखी. आपण खिडकीशी उभं राहायचं, आत हात घालायचा नाही. त्या दिवशी जेवायच्या सुट्टीत ते डबा न उघडता चौकटीच्या कागदावर ठिपके भरत बसले.

पहिलं चित्र फसलं. कागदपत्रांच्या फोल्डरसाठी त्यांनी लोखंडी पेटी काढली होती. कडी, कोयंडा, बिजागऱ्या, पेटीवर गुलाबाचं फूल, खाली सावली. मोठी असताना देखणी. लहान केल्यावर करपलेली भाकरी. ते उठले, दुकानाबाहेर गेले, रस्ता ओलांडून समोरच्या चहाच्या टपरीशी जाऊन उभे राहिले आणि तिथून आमच्या पडद्याकडे बघू लागले. बोर्ड रंगवताना पेंटर असाच मागे मागे जातो. पण तो बोर्ड दहा फुटी असतो. इथे मधून गाड्या जातायत, पलीकडे हा माणूस डोळ्यांवर हात धरून नखाएवढी पेटी शोधतोय. टपरीवाल्यानं विचारलं काय हरवलं. हे म्हणाले, "कडी."

परत येऊन खुर्चीत बसले. "लांबून वाचायचा बोर्ड येगळा, जवळून वाचायचा येगळा. हे ठावं व्हतं मला. पर ह्यो जवळ असून लांबचा हाय." मग त्यांनी पेटीची कडी तेवढी ठेवली आणि बाकी सगळं पुसलं. पेटी दिसायला लागली.

त्यानंतर काही महिने ते हेच करत होते. काम सांभाळून. डाउनलोडला विहिरीत सोडलेली बादली आली. गाण्यांना संबळ. कंप्युटरच्या जागी पडवी असलेलं घर, दारात उजेड. नेटवर्कला एसटीची लाल गाडी. पंचायत समितीची कामं गाववार यायची, तर प्रत्येक गावाला त्यांनी एक चित्र दिलं. भीमाशंकरच्या अंगाच्या डोंगरी गावांना भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, हिरड्याचं फळ. निमगाव सावाला कांदा. तिथले एक गृहस्थ लग्नपत्रिका करायला आले होते, त्यांना ते लागलं.

"आमाला कांदा का वं? आमच्याकडं द्राक्षं काय कमी हायेत?"

गेनभाऊ मान वर न करता म्हणाले, "द्राक्षं काढली व्हती. एवढ्याशा जागंत त्याची करवंदं झाली. करवंद चालंल का?"

पाहुणे थोडा वेळ विचारात पडले. "न्हाई. कांदाच ऱ्हाऊ द्या."

उकिरड्याला मात्र त्यांनी सगळ्यात जास्त वेळ घेतला. मुळातली जाळीची बादली आणि तिच्यात चुरगळलेले कागद, हे त्यांना पटतच नव्हतं. कचरा गाडी घेऊन जाते ही शहरातली गोष्ट, म्हणायचे. आपल्याकडं गोठ्यामागं टाकलेलं वरीसभर कुजतं आणि पावसाच्या आधी रानात जातं. आता त्या जागेला सिस्टिम दोन चित्रं मागते. एक रिकामं असतानाचं, एक भरलेलं असतानाचं. मग गेनभाऊंनी भरलेल्याला ढीग काढला आणि रिकाम्याला खड्डा. नुसता खड्डा, कडेला थोडी ओली माती. कोंबडी नाही. मी विचारलं, कोंबडी कुठे गेली? म्हणाले, "खड्ड्यात काय टोचंल ती?"

एक बारीक खोट त्यात राहिली होती. आपण आपली चित्रं लावली की भरलेल्याचं रिकामं आणि रिकाम्याचं भरलेलं आपोआप बदलत नसे. एफ फाइव्हचं बटण दाबावं लागायचं, मग पडदा ताजा व्हायचा. म्हणून सोमवारी सकाळी आले, खुर्चीत बसले, माउस शर्टाला पुसला, की पहिलं ते बटण दाबायचे. देवाला हात जोडावा तसं.

आमच्याकडे दिवाळीत एक पणती उकिरड्यावर ठेवतात. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी मशीनला हार घातला, गल्ल्यापुढे पणती ठेवली. गेनभाऊंनी आणखी एक पणती घेतली आणि टेबलावर, पडद्याच्या डाव्या कोपऱ्याखाली, बरोबर उकिरड्याच्या पायाशी ठेवली. कचेरीतले एक क्लार्क प्रसादाला आले होते. ते म्हणाले, "गेनभाऊ, कंप्युटर पेटंल."

"न्हाई पेटत. उकिरड्याचंबी पांग फिटत्यात, सायेब. फकस्त मधीच कुणी उपसला न्हाई पायजे."

सगळे हसले. मीही हसलो.

त्यांची आणखी एक गोष्ट सांगायची राहिली, ती इथेच सांगतो. मधे त्यांनी खोली बदलली. जुन्या खोलीच्या भिंती त्यांनी कोळशानं भरून टाकल्या होत्या. अक्षरं, बैल, हात, नुसते कान. घरमालकीण बाईंना ते आवडायचं, त्या येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवायच्या. खोली सोडायच्या आदल्या दिवशी गेनभाऊंनी चुन्याची पिशवी आणली आणि चारी भिंती पांढऱ्या केल्या. बाईंनी नको नको म्हटलं. मीही म्हटलं, राहू द्या की, काय बिघडतं. ते म्हणाले, "दुसऱ्याच्या भितीवर आपलं ठिवून जाऊ न्हाई. जाताना भित पांढरी करून द्यायची."

आता फोटोंचं.

त्यांनी एक साधा मोबाइल घेतला होता. गुरुवारी आमचं दुकान बंद. त्या दिवशी ते घोडेगावच्या स्टँडवरून डोंगराकडच्या कुठल्याही गाडीत बसायचे आणि आपण पूर्वी रंगवलेले बोर्ड शोधत फिरायचे. कुठे कमान पाडलेली असायची. कुठे शाळेला नवा रंग दिलेला. कुठे जुन्या पत्र्यावर माझाच फ्लेक्स ठोकलेला, मग ते त्याची कड उचलून खालच्या अक्षरांचा फोटो काढायचे. शुक्रवारी सकाळी मला दाखवायचे. "ही डेअरी बघा. रातच्या पावसात रंग वल्ला व्हता म्हणून मी गोणपाट धरून उभा ऱ्हायलो व्हतो." असं प्रत्येकाचं काहीतरी. जुन्नरच्या बाजूचे ते गावी जाता-येता काढायचे. मोबाइलमध्ये जागा कमी, त्यामुळे फोटो कंप्युटरवर घेतले की मोबाइलमधून पुसायचे. त्यांना ते सगळे एकदा, एका ठिकाणी, एकाच नजरेत बघायचे होते. मी म्हटलं होतं, गेनभाऊ, तुमचे सगळे बोर्ड झाले की मी एक लांबलचक फ्लेक्स काढून देतो. सगळे एकाखाली एक. त्यांनी ते धरून ठेवलं. रोलची शेवटची पट्टी उरली की मोजायचे, म्हणायचे, ही पुरंल का.

हे फोटो आधी पडद्यावरच इकडेतिकडे असायचे. त्यानं मशीन हळू चालतं म्हणून मी कुरकुर केली. पुढे एकदा बघतो तर एकही नाही. विचारलं, कुठे ठेवले? त्यांनी उकिरड्याकडे बोट दाखवलं.

मला हसू आवरेना. म्हटलं, गेनभाऊ, तिथं कुणी ठेवतं का?

"तिथंच बरं हायेत. गिऱ्हाईक बसल्या बसल्या समदे फोल्डर उघडून बघतंय, उकिरड्यात कोण हात घालतंय? अन् दुसऱ्याचा उकिरडा कोण उपसत न्हाई."

तिथं फोटो मोठा उघडत नाही, नुसता छोटा दिसतो. त्यांना तेवढा पुरत होता. तिथं ठेवलेल्याला जागा लागत नाही अशीही त्यांची समजूत होती. मी तेव्हाच बसवून समजावून सांगायला हवं होतं. मी अर्धवट सांगितलं. म्हटलं, तिथलं कधीतरी जातं बरं का.

ते म्हणाले, "तुमी न्हाई ना घालवणार?"

"मी कशाला घालवीन?"

"मंग झालं."

मी समजावलं नाही याचं एक कारण असं की ते नसताना ती गोष्ट मी गिऱ्हाइकांना सांगायचो. आमच्या पेंटरनं काय केलं माहितीय का, म्हणून. लोक हसायचे. दुकानात जरा खेळीमेळी व्हायची.

तो दिवस शनिवार. गेनभाऊ गावी कांदा काढायला म्हणून दुपारीच गेले होते. एका पुढाऱ्याचा वाढदिवस आला होता आणि दोन्ही तालुक्यांत लावायचे फ्लेक्स माझ्याकडे होते. त्यांचा माणूस माझ्याच खुर्चीत बसून होता. फाइल सेव्ह होईना. डिस्क भरली म्हणून मशीन सांगत होतं. मी इकडचं तिकडचं पुसलं, तरी पुरेना. उकिरड्यात सगळ्यात जास्त होतं.

ड्रॉवरमध्ये पेन ड्राइव्ह होता. तो होता हे मला माहीत होतं. फोटो बाहेर काढून त्याच्यावर घ्यायला फार वेळ लागला नसता. तो माणूस म्हणाला, "शेठ, व्हतंय का न्हाई? न्हायतर नारायणगावला जातो." मी उकिरड्यावर उजवं बटण दाबलं. मशीननं विचारलं, हे सगळं कायमचं काढायचं, खात्री आहे का? मी होय दाबलं.

आजवर मी स्वतःला सांगत आलो की घाई होती. घाई होती. पण तेवढंच नव्हतं. मला त्या फोटोंचा कंटाळा आला होता. दर शुक्रवारी सकाळी माझ्यासमोर एक पत्रा यायचा, वीस-वीस वर्षं उन्हात उभा राहिलेला, आणि त्याच्यावर माझा वर्षभरात फाटलेला फ्लेक्स. गेनभाऊ कधी एक शब्द तसा बोलले नाहीत. बोलले असते तर मला भांडता आलं असतं. होय दाबलं तेव्हा मला बरं वाटलं. ते फार वेळ टिकलं नाही, पण वाटलं.

फ्लेक्स वेळेत निघाले. पडद्यावर उकिरडा भरलेलाच दिसत होता. कोंबडी होती. एफ फाइव्ह मी दाबलं नाही.

सोमवारी गेनभाऊ आले. माझ्यासाठी पातीसकट कांदे आणले होते, ते काउंटरवर ठेवले. खुर्चीत बसले, माउस शर्टाला पुसला, बटण दाबलं. मी फ्लेक्सच्या कडांना रिंगा ठोकत होतो, तिथून मला पडदा दिसत होता. ढिगाचा खड्डा झाला.

ते बघत राहिले. पुन्हा एकदा बटण दाबलं. मी त्यांनी विचारायच्या आतच बोललो. म्हटलं, काल अपडेट आलं होतं गेनभाऊ, त्यात ते सगळं आपोआप साफ झालं.

"आपोआप."

"हो ना. सिस्टिमचं काही सांगता येत नाही."

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "सिस्टिमच्या गोष्टीन्ला हात लावाय नको व्हता मी."

मला वाटलं, त्यांना पटलं. बरं झालं म्हणून मी पुढची रिंग ठोकली.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मी पाठीमागून पाहिलं. चित्र बदलायची जागा उघडली. तिथं खाली एक बटण असतं, पहिल्यासारखं करा. त्यांनी कंप्युटर निवडला आणि ते दाबलं. पडवीचं घर गेलं. नेटवर्क निवडलं, दाबलं. लाल गाडी गेली. मग फोल्डर घेतले. पेटी. बादली. संबळ. लोंबी, कणीस, हिरडा, कांदा. एकेक. डावी मूठ मनगटाखाली होती. शेवटी उकिरडा, तिथं जाळीची बादली आली. सगळा पडदा पिवळा झाला तेव्हा ते उठले, हात धुतले आणि म्हणाले, "आज काय काय करायचंय, शेठ?"

सकाळची ती वेळ होती. पुसलेल्या गोष्टी लगेच मिळवायला गेलं तर बऱ्याच परत मिळतात, मशीन वापरायचं मात्र थांबवावं लागतं. हे मला माहीत होतं. त्यासाठी काय झालं ते सांगावं लागलं असतं. मी ठोकत राहिलो. दुपारी मशीनवर नवी कामं घेतली, जुन्याच्या जागेवर नवं बसत गेलं.

पुढे ते काही महिने होते. काम चोख. गुरुवारी खोलीवरच असायचे. त्या दिवाळीत मी टेबलावर एक पणती जास्तीची ठेवली होती, ती तशीच राहिली. नंतर डोळ्यांचं निमित्त सांगून ते गावी गेले. जाताना नव्या खोलीलाही चुना दिला असं तिथल्या घरमालकीण बाई सांगत होत्या.

त्यांचा ब्रशचा डबा दुकानात राहिला होता. माळ्यावर. तो द्यायच्या निमित्तानं मी एकदा पिंपरी पेंढारला गेलो. जाताना सगळं बोलायचं ठरवून गेलो होतो. ते गोठ्यामागे होते, पाटीत शेण भरत. मला पाहून हात धुऊन आले. "शेठ, या." खाट टाकली, सुनेला चहा सांगितला. डोळ्यांचं विचारलं, मोतीबिंदू म्हणाले. धंद्याचं विचारलं, ठीक म्हणालो.

चहा झाल्यावर मी सुरुवात केली. म्हटलं, गेनभाऊ, त्या वेळी ते अपडेट जे आलं होतं...

"शेठ." ते बशी पुसत होते. "त्ये मशीन इचारल्याबिगर उकिरडा उपसत न्हाई. मी किती येळा बघितलंय. एक फोटू काढला तरी इचारतं, खात्री हाय का."

मग मला एवढंच सुचलं, की तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत.

"तुमी आपोआप म्हणला. मी म्हणलं, आसंल. आज आपोआप म्हणत्यात, उद्या सांगतील." बशी खाली ठेवून म्हणाले, "त्यासाठनं तर ऱ्हायलो व्हतो दिवाळीपतोर."

"आणि चित्रं? ती का काढलीत?"

"मशीन तुमचं हाय. जाताना भित पांढरी करून द्यायची."

म्हणजे त्या सोमवारीच ते गेले होते. माफ करा म्हणायला आलो होतो, ते म्हणायचं राहिलं. म्हणजे विसरलो असं नाही. तोंड उघडलं असतं तर बाहेर आलं असतं, पण मी उघडलं नाही. त्यांनीही वाट पाहिली नाही, आता त्याची वेळ उरली नव्हती बहुतेक.

मी डबा पुढे केला. त्यांनी झाकण काढलं, आत वास घेतला. ब्रश दगडासारखे झाले होते. मी माळ्यावर टाकताना ते धुवायला हवेत हे माझ्या मनातही आलं नव्हतं. त्यांनी एक ब्रश अंगठ्यावर वाकवून पाहिला, वाकला नाही.

"वाळलं," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या. केसाचं हायेत, कुजत्यात."

त्यांच्या घरासमोरून रस्ता वर चढतो. गाडी यायला वेळ होता, मी थांब्यावर उभा राहिलो. तिथून गोठ्याची मागची बाजू दिसत होती. गेनभाऊ शेणाची पाटी घेऊन आले, ढिगावर रिकामी केली, फावड्याच्या पाठीनं शेण सारखं केलं. मग डबा उघडून ब्रश त्यावर टाकले. एकदोन आडवे पडले. दोन उभे रुतून राहिले, दांड्या वर. ते पाटी घेऊन आत गेले. कुठूनशी एक कोंबडी आली आणि कडेला टोचू लागली.

लांबून ते अगदी बरोबर दिसत होतं.